चाळिसावीचे हात

आता जे ऐकाल ते पटलं असं जो म्हणेल, तो एक तर खोटारडा असेल, नाही तर अण्णासाहेबांचा सोयरा. केदारखेड्याच्या या गिरणीची लाइट जाऊन पाऊण तास झाला. अर्धं दळण गिरणीत अडकलंय, अर्धं डब्यात आहे, आणि डबा सोडून घरी जावं तर परत येईपर्यंत नंबर जातो. तेव्हा बसा. रामराव, गिरणी तुमची असली तरी पट्टा हातानं ओढून फिरत नसते, तुम्हीही टेका. ऐका, पण पटलं म्हणून मान हलवू नका.

वरच्या आळीतली सोनूबाई. कल्याणची बायको. हे बदनापूरचे पाहुणे सोडले, तर तिच्या हातचा चहा न प्यायलेला इथं कोणी नाही. त्या सोनूबाईचे हात गार.

"त्यात काय सांगायले, तात्या?" रामराव लगेच म्हणालेच. "बाईमाणसाचे हात गारच असतेत. दिवसभर पाण्यात."

असतात. पण सोनूबाईनं ताकाच्या डेऱ्यात बोट बुडवलं, की लोणी घाबरून वर यायचं. वैशाखात शेजारणी आपलं दही आंबू नये म्हणून रात्रीपुरतं तिच्या उशाशी आणून ठेवायच्या. हसनाबादच्या बाजारात कुल्फी विकणारा तर दर उन्हाळ्यात विचारायचा, "वैनी, दोन महिने गाड्यावर बसता का? बर्फाचा खर्चा वाचंल बिलकुल."

हसलात ना? गावही हसायचं. अठरा वर्षं हसत होतं. पण हाताचं खरं काय होतं ते बघायला कोणी वाकलं नाही. थंडीचा वारा लागला, गार पाण्यात हात गेला, की तिची बोटं आधी खडूसारखी पांढरी व्हायची. तीनच बोटं, दोन्ही हातांची, मधल्या पेरापर्यंत. जणू कोणी रेघ मारून सांगितलंय, रक्तानं इथवरच यायचं. मग ती निळी पडायची. मग तासाभरानं रक्त परत यायचं, ते असं यायचं की मिरची कुटून चोळल्यागत आग. भाकरी थापताना ती तव्यावर बोट टेकवून बघायची, बोट आपलंच आहे का म्हणून. एकदा टेकवलेलं राहिलं. वास आला तेव्हा कळलं.

फोड आला तर लोकांना दिसतो. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. गार दिसत नाही. सोनूबाईनं सासूला सांगितलं, सासू म्हणाली, रक्त कमी आहे, गूळ खा. नवऱ्याला सांगितलं, नवरा म्हणाला, हात लावू नको, झोपू दे. सरकारी दवाखान्यात सांगितलं, तिथल्या बाईनं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मान वर न करता पुढचीला हाक मारली. तेव्हापासून सोनूबाईनं सांगणं सोडलं. पदरात हात गुंडाळायचे आणि गप राहायचं. अंगात गरम असं तिच्याकडं एकच होतं, राग, आणि तो काही बोटांपर्यंत पोचत नव्हता.

तरी तिनं हे सगळं सोसलं असतं. पण गेल्या पौषात बोटांनी तिची विद्याच घालवली.

पाहुण्यांसाठी सांगायला पाहिजे. सर्जेरावांच्या मिरचीच्या शेडनेटमध्ये क्रॉसिंगचं काम चालतं, बियाणं तयार करायचं. उमलायच्या आदल्या दिवशीची कळी धरायची, चिमट्यानं तिच्यातले नर एकेक काढून टाकायचे, मधल्या मादीला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या झाडाच्या फुलाची पावडर तिला लावायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. कळी केवढी, तर तुरीच्या दाण्याएवढी. जोर जरा जास्त झाला की मोडली. सोनूबाई हे काम शेजारणीशी भांडत, तिच्याकडं बघत, न चुकता करायची. तिनं डोळे झाकून तीन ओळी केल्या आणि चौथी झोपेत केली, असं सांगणारे लोक आहेत. ते जाऊ द्या. पण अर्ध्या गावाच्या पोरीबाळी हे काम तिच्याकडं शिकल्या, हे तर खरं?

"ते खरं हाय," रामराव म्हणाले.

मग मान हलवू नका म्हटलं होतं ना.

तर पौषात सकाळी दव पडलेलं, जाळीतून वारा शिरलेला, आणि सोनूबाईची बोटं मेली. चिमटा धरलाय की नाही तेच कळेना. एक कळी मोडली. दुसरी मोडली. दुपारपर्यंत खाली हिरव्या कळ्यांचा सडा. सर्जेराव आले, सडा बघितला, बोटं बघितली नाहीत.

"सोनूबाई, उद्यापासून तू खताच्या पाट्या व्हाय. कळीचं मीना बघंल."

मीनाला चिमटा कसा धरायचा ते सोनूबाईनंच शिकवलं होतं. सोनूबाईनं चिमटा मीनाच्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला. मीनानं तो वाकून उचलला, आणि त्या वाकण्याचा राग सोनूबाईला अजून आहे, मीनावर नव्हे, स्वतःच्या बोटांवर.

त्याच आठवड्यात शाळेपुढं पांढरी गाडी उभी राहिली. गाडीतून आधी पोट उतरलं, मागून अण्णासाहेब. जालन्यात त्यांचा चूर्णाचा कारखाना. नवीन चूर्ण काढलं होतं, सुंठ, पिंपळी, दालचिनी, मिरे आणि अजून कायकाय, नाव ऊबधारा. बायांच्या गार हातापायांवर रामबाण. पण आजकाल नुसतं रामबाण म्हणून खपत नाही, चाचणी लागते. म्हणून सोबत एक मुलगी आणली होती. वैद्य यशश्री. सव्वीस-सत्तावीसची, चष्म्याची, पुढचं शिक्षण चालू. चाचणी तिच्या नावावर, खर्च अण्णासाहेबांचा. गार हातापायांच्या चाळीस बाया पाहिजेत, असा निरोप गेला. गावात चाळीस कुठल्या, दीडशे आल्या. त्यांतून चाळीस निवडायच्या होत्या.

सोनूबाईचा नंबर आला तेव्हा कल्याणही शेजारी येऊन बसला. यशश्रीनं कागद पुढं ओढला.

"काकू, हात-पाय गार पडतात का?"

"पडतेत थोडे," कल्याण म्हणाला.

"किती वर्षांपासून?"

"झाले असतील दोन-तीन."

"बधिर होतात का?"

"न्हाई न्हाई. कामाला वाघ हाय ती."

सोनूबाई म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? हात माझे गार पडतेत का ह्यांचे?"

शाळेची खोली खदखदली. कल्याण उठून बाहेर तंबाखू मळायला गेला. आणि यशश्रीनं कागद बाजूला सारून सोनूबाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. झटका बसला असणार, पण तिनं सोडला नाही. एकेक बोट दाबून बघितलं, नखं बघितली, पांढरी रेघ बघितली. अठरा वर्षांत तो हात धरून कोणी इतका वेळ बसलं नव्हतं. सोनूबाईला रडू येईल असं वाटलं, आणि रडू येतंय याचाच तिला राग आला.

"अठरा वर्षं झाली," ती म्हणाली. "लिव्हा. अठरा."

यशश्रीनं लिहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुमचं नुसतं गारठ्याचं वाटत नाही मला. रक्तवाहिन्यांचा भाग असू शकतो. आपण असं करू. औषध नीट घ्या. शेवटी ज्यांना काहीच फरक पडणार नाही, त्यांची मी वेगळी यादी करणार आहे. त्या यादीतल्या बायांना मोठ्या हॉस्पिटलात नेऊन पूर्ण तपासणी करायची. तसं कागदावरच आहे."

म्हणजे बघा. हात गरम झाले तर चिमटा परत मिळणार. नाही झाले तर यादीत नाव, आणि यादीत नाव म्हणजे शेवटी कोणीतरी शोधणार की हे आहे काय. दोन्हीकडून सोनूबाईचंच भलं. अशी बाजू आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या वाट्याला आली होती. तिनं अंगठा न उठवता सही केली, चौथीपर्यंत शिकलेली सही.

मग हात मोजले. भोकरदनहून बर्फाची लादी आणलेली, बादलीत फोडून टाकलेली. एक मिनिट हात बुडवायचा, बाहेर काढायचा, बोटाला यंत्र लावायचं आणि बोट मूळच्या गरमीला यायला किती मिनिटं लागतात ते लिहायचं. कोणाला आठ लागली, कोणाला दहा. नंदाबाईला बारा, पण त्यातली चार तिनं बडबडीत घालवली. सोनूबाईनं हात घालून काढला, तर बादलीतला बर्फ आधी होता त्याहून जास्त भरला, असं बघणारे सांगतात. यंत्राचा काटा दोनदा तळाला गेला. एक्केचाळीस मिनिटं. यशश्रीनं तो आकडा लिहून त्याच्याभोवती गोल केला.

शेवटी डबे वाटले. प्रत्येकीला एक. वीस डब्यांवर निळी पट्टी, वीस डब्यांवर पिवळी. यशश्रीनं उभं राहून समजावलं, अगदी प्रामाणिकपणे. एका रंगाच्या डब्यात औषध आहे, दुसऱ्यात औषधासारखं दिसणारं साधं पीठ. कोणत्या रंगात काय, ते तिलाही माहीत नाही. बारा आठवडे सकाळ-संध्याकाळ एक चमचा, कोमट पाण्यातून. दोन्हींत फरक दिसला तर समजायचं औषध खरं.

बाया हो म्हणाल्या. आणि आळीत आल्या.

आळीत यायला लागतात चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला नंदाबाईनं आपला निळा डबा उघडून चिमूट जिभेवर ठेवली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या पिवळ्यातली चिमूट ठेवली, काही नाही, भाजलेल्या गव्हाचं पीठ. झाली चाचणी.

आता नंदाबाई म्हणजे कोण? गावातल्या कुठल्याही लग्नात बुंदीच्या पातेल्याजवळ जी बाई झारा घेऊन उभी असते, ती. तिच्या हातून आजवर कोणाच्या पानात दाणा कमी पडला नाही. ती आळीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ए बायांनो! हे काय वाढणं झालं? एका पंगतीत बसवायचं, आन् एकीच्या पानात बुंदी, दुसरीच्या पानात नुस्तं पीठ? त्या पोरीला शिकवलं न्हाई का कोणी वाढायला?"

"मॅडम म्हणल्या तसंच पाहिजे म्हणून," कोणीतरी पुटपुटलं.

"मॅडमचं जेवण व्हतं का आपलं? हाड गारठलंय आपलं! सोने, तुझा कोणता?"

सोनूबाईनं डबा पुढं केला. पिवळा.

एवढं पुरलं. नंदाबाई घरातून लग्नाची परात घेऊन आली, ज्या परातीत पन्नास माणसांची कणीक बसते ती. चाळीस डबे त्यात उलटे झाले. निळं, पिवळं, सुंठ, पीठ, सगळं एकत्र. दोन बायांनी कोपरापर्यंत हात घालून कालवलं. मग त्याच झाऱ्यानं सारखं वाढून चाळीस डबे परत भरले. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. सोनूबाईला मनात कुठंतरी खटकलं. पण जन्मात कधी नव्हे ते तिच्या पानात कोणी बराबर वाढत होतं. तिनं आपला डबा भरून घेतला.

आणि ते कालवलेलं तिनं बारा आठवडे घेतलं. एक दिवस चुकला नाही. खताच्या पाट्या वाहून आली, चमचा. पोराला ताप, चमचा. आईच्या वर्षश्राद्धाला अंकुशनगरला गेल्ती, तर डबा पिशवीत. बाकीच्यांचं सोडा, कोणी भाजीत टाकलं, कोणी नवऱ्याच्या चहात, एकीनं खोकल्याला म्हणून म्हशीला घातलं. म्हैस सुधारली म्हणतात. सोनूबाईचा मात्र चमचा आणि चमचा खरा.

बारा आठवडे संपले. कोणता महिना आला? चैत्र. पूर्णेच्या वाळूत पाय ठेवला तर उडी मारावी लागते असा चैत्र. शाळेची खोली पत्र्याची. बर्फाची लादी भोकरदनहून निघाली तेव्हा लादी होती, पोचली तेव्हा बादलीभर पाणी आणि मूठभर खडे. बाया हात बुडवायच्या आणि सुटलो म्हणायच्या. तीन मिनिटं, चार मिनिटं, बोटं गरम. एकीचं बोट तर बुडवण्याआधी होतं त्याच्याहून गरम निघालं. अण्णासाहेब खुर्चीत बसून प्रत्येक आकड्याला "वा!" म्हणत होते.

सोनूबाईनं हात घातला. काढला. तीन बोटं पांढरी. एकोणचाळीस मिनिटं.

"वा!" अण्णासाहेब म्हणणार होते, पण तोंड उघडंच राहिलं.

सोनूबाई घाम पुसत म्हणाली, "मॅडम, दोन गोष्टी सांगते. रागवायचं असंल तर रागवा. पहिली, आम्ही सगळं चूर्ण एका परातीत कालवलं व्हतं. अर्धं औषध, अर्धं पीठ, सगळ्यांनी तेच खाल्लं."

यशश्रीचा पेन टेबलावर पडला. चेहरा आधी पांढरा, मग लाल. ती किंचाळलीच. "काय केलंत तुम्ही? माझं वर्ष वाया घालवलंत! मी समजावून सांगितलं होतं ना? तुम्ही हो म्हणालात ना सगळ्या?"

"हो म्हणलो. तुम्ही म्हणल्या एकीला औषध, एकीला पीठ, तवा बी आम्ही हो म्हणलो. आम्ही हो न्हाई तर काय म्हणतो मॅडम? पण जिचे हात मरून राह्यले, तिला पीठ चारायचं आन् बारा आठवडे बघत बसायचं, हे तुम्हाला कसं बरं वाटलं?"

यशश्रीनं पडलेला पेन उचलला.

"आन् दुसरी गोष्ट. पौषात मोजलं आन् चैत्रात मोजलं. चैत्रात तर कोंबडीचे पाय बी गरम असतेत. ह्या सगळ्यांचे हात चूर्णानं न्हाई, उन्हानं गरम झालेत. माझेच न्हाई झाले. मंग माझं नाव त्या यादीत घ्या."

यशश्रीनं मान खाली घातली. ती खोटी मुलगी नव्हती. ती फार बारीक आवाजात अण्णासाहेबांना म्हणाली, "सर, त्या बरोबर बोलताहेत. यातून काहीच सिद्ध होत नाही. पुढच्या हिवाळ्यात परत करावं लागेल."

अण्णासाहेब हसले. असं हसले की समोरच्याला आपणच वेडे वाटावं.

"परत? अहो, उलट बरं झालं! सगळ्यांनीच औषध घेतलं म्हणायचं. चाळीस बाया, पीठबीठ काही नाहीच. हिवाळा-उन्हाळा कोण विचारतो? कागदावर तारखा असतात, हवामान नसतं." मग त्यांनी सोनूबाईच्या कागदाकडं बोट केलं. "हा एकच जरा त्रास देतोय."

त्यांनी स्वतःचा पेन काढला, सोन्याच्या टोपणाचा, आणि तो गोल केलेला एक्केचाळीसचा आकडा, त्याखालचा एकोणचाळीसचा, दोन्ही एका रेघेत कापले. शेजारी लिहिलं. सोनूबाई समोर उभी होती, कागद तिला उलटा दिसत होता. चौथीपर्यंतच शिकलेली, पण उलटंही वाचता यायला राग पुरतो.

*औषध नियमित घेतले नाही. वगळावे.*

"मी?" ती म्हणाली. "मी न्हाई घेतलं?"

"बाई, असं लिहावं लागतं."

"म्हशीला चारणारीचं नाव ठेवलं, आन् माझं काढलं? डबा बघा माझा. धुऊन पुसून आणलाय. तळ बघा!"

"सत्कारात साडी सगळ्यांना मिळणार आहे. तुम्हालाही. काळजी करू नका."

"साडी घाला चुलीत! मला त्या यादीत घ्या. मॅडम, तुम्ही म्हणल्या व्हत्या. माझा हात धरून म्हणल्या व्हत्या."

यशश्री खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काही नव्हतं, उन्हात एक वाकडी सायकल. तिला अजून शिक्षण पुरं करायचं होतं, आणि शिक्षणाची किल्ली समोरच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "सर, एक नाव—"

"यादीच नाही," अण्णासाहेब म्हणाले. "फरक न पडलेलं कोणी उरलंच नाही, तर यादी कोणाची करायची?"

असा हिशोबी माणूस. सोनूबाई घरी आली ती रस्त्याच्या मधून आली, बाजूनं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला तरी सरकली नाही. कल्याण म्हणाला, "जाऊ दे की. साडी भेटू राह्यली ना?" तिनं त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि ओट्याखाली ओतला. त्याला एवढंच कळलं की आज बोलायचं नाही. रात्रभर तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत राहिला, वगळावे. पाट्या वाहायला सांगितलं तेव्हा बोटं वगळली. आता बाईच वगळली.

आठ दिवसांनी मंगल कार्यालयात सत्कार ठेवला. दोन मोठे कूलर, दारात रांगोळी, वर फलक, फलकावर अण्णासाहेबांचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत:

*ऊबधारा! एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस! शंभर टक्के!*

सोनूबाई साडीसाठी आली नव्हती, बघायला आली होती, की माणूस एवढं खोटं उभ्यानं बोलतो कसा. मागच्या सतरंजीवर बसली. कूलरचा वारा तिच्याच अंगावर येत होता. पदराखाली बोटं पांढरी पडायला लागली. वर अण्णासाहेब माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या माता-भगिनींनो, आज या गावात एकही गार हात उरलेला नाही!"

आता इथून पुढचं ऐका, कारण हे कोणी छापलं नाही.

सोनूबाई उठली. सतरंजीवरच्या बाया आपोआप दोन बाजूंना सरकल्या. ती पायऱ्या चढून वर गेली. सूत्रसंचालक म्हणाला, "काकू, अजून नाव पुकारलं नाही." ती म्हणाली, "पुकारायचं न्हाईच ना ते." आणि तिनं आपला उजवा हात पदरातून काढला आणि अण्णासाहेबांच्या मानेवर, कॉलरच्या मागं, अलगद ठेवला.

मंडळी, चैत्राची दुपार, बाहेर बेचाळीस डिग्री. अण्णासाहेबांचा शब्द तोंडातच थिजला. "शंभर ट—" एवढाच निघाला आणि माइकच्या जाळीवर दवासारखा जमला. दात वाजायला लागले, ते स्पीकरमधून हसनाबादपर्यंत ऐकू गेले, लोकांना वाटलं कुठंतरी गिट्टीची मशीन सुरू झाली. मिशीवर पांढरा थर आला. गळ्यातला झेंडूचा हार कडक झाला आणि हलला की खुळखुळायला लागला. दोन्ही कूलर लाजून बंद पडले.

"लिव्हा," सोनूबाई म्हणाली. हात काढला नाही.

"लि-लि-लिहितो, बाई, हा-हात काढा!"

"आधी लिव्हा. चाळिसावी. औषध रोज घेतलं. फरक पडला न्हाई."

सोन्याच्या टोपणाचा पेन आणला, त्यातली शाई गोठलेली. नंदाबाईनं तो काखेत धरून गरम केला. अण्णासाहेबांनी लिहिलं, खाली सही केली. यशश्री रडत उठली, तिनं सगळ्यांसमोर तो कागद वाचला, फलकावरचे शंभर टक्के पुसले. अण्णासाहेबांच्याच पांढऱ्या गाडीत सोनूबाईला बसवलं आणि गाडी तिथूनच थेट मोठ्या हॉस्पिटलाकडं निघाली. सर्जेराव मागून पळत आले, हातात चिमटा घेऊन, म्हणाले, "सोनूबाई, हा तुझाच—"

"खोटं."

हा आवाज रामरावांचा नव्हता. सगळ्यांनी माना वळवल्या. गिरणीच्या दारात सोनूबाई उभी होती, काखेत ज्वारीचा डबा, कधीपासून कोण जाणे. दुसरा हात पदरात.

"सोनूबाई, ये, बस की, तुझंच—" मी म्हणायला गेलो.

"ऐकलं माझंच. तात्या, खोटं बोलू राह्यले तुम्ही." तिनं डबा रांगेत ठेवला, सगळ्यांच्या मागं. "मी उठलेच न्हाई. त्यांच्या मानेला हात लावायला मी वर गेलेच न्हाई. कोणी काही लिव्हलं न्हाई, गाडी आपली आली तशी गेली. त्यांनी तिकडं माझे हात गरम केले, तुम्ही इकडं मला वाघीण केली. मला विचारलं कोणी?"

रामरावांनी पट्ट्यावरचं पीठ झटकायला घेतलं.

"शंभर टक्के म्हणले ते. सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या," सोनूबाई म्हणाली. "मी बी वाजवल्या."